क्लेटनच्या नावावरची दोन वर्षे

तीन आठवडे खपून जमवलेल्या कागदांचे ते तपकिरी पाकीट सासऱ्यांनी कॉरीनच्या हातातून हिसकावून घेतले, शेगडीचे लोखंडी दार चिमट्याने उघडले, आणि ते निखाऱ्यांवर टाकले!

कॉरीन जागच्या जागी खिळली. टेबलावर नुकत्याच वाढलेल्या बीन्समधून वाफ निघत होती, नऊ वर्षांची टेसा हातातला कॉर्नब्रेडचा तुकडा तसाच धरून आजोबांकडे भेदरलेल्या डोळ्यांनी पाहत होती, आणि मागच्या खोलीतून नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता... कोरडा, खोल, जणू कुणी आतून दार ठोठावत होते!

"डॅडी, ते क्लेटनच्या दवाखान्याचे कागद होते हो..." तिच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले.

"काय होतं ते ठाऊक आहे मला. भिकेचा अर्ज होता!" हॉबर्ट क्लाईन यांनी शेगडीचे दार धाडकन लावले. एवढ्या श्रमानेही त्यांना धाप लागली होती. "मी व्हिएतनामहून आलो, कुणापुढे हात पसरला नाही. माझा मुलगाही पसरणार नाही. तुमच्या ओहायोत चालत असेल तसलं."

"भीक कशी, डॅडी? तिकडच्या धुरानंच तो..."

"ए ओहायोवाली! माझ्या मुलाची छाती मला शिकवू नकोस!"

नदीपलीकडच्या ओहायो राज्यातून आलेल्या या सुनेला गेल्या दहा वर्षांत त्यांनी नावाने एकदाही हाक मारली नव्हती.

तिने कधी तक्रार केली नाही. इराकहून परतलेला, मालवाहू ट्रक चालवणारा, हसताना मान तिरकी करणारा क्लेटन तिला आवडला, आणि त्याच्यासाठी तिने नर्सिंगचे शिक्षण अर्ध्यावर सोडले. पुढे त्याला दोन पायऱ्या चढवेनात, नोकरी गेली, आणि तीन वर्षांपूर्वी ती दोघे टेसाला घेऊन वेस्ट व्हर्जिनियातल्या या अरुंद खोऱ्यात, त्याच्या वडिलांच्या घरी राहायला आली. तिथे सूर्य डोंगराआडून दहाला उगवायचा आणि तीनला मावळायचा. ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबू लागली. सासऱ्यांना खाणकामगारांच्या छातीच्या रोगाचे निवृत्तिवेतन होते. ते आणि तिचा पगार, एवढ्यावर चार माणसांचे चालत होते.

इराकमध्ये क्लेटनच्या तळाशेजारी एक मोठा खड्डा होता. प्लास्टिक, रंग, टायर, औषधे... तळावरचा सगळा कचरा त्यात रात्रंदिवस जळायचा, आणि तो काळा धूर वर्षभर त्या पोरांच्या छातीत गेला. आता चौतिसाव्या वर्षी बुटाची नाडी बांधताना क्लेटनचे ओठ निळे पडत. "फुप्फुसातल्या बारीक नळ्या बुजत चालल्या आहेत," एवढे डॉक्टरांनी सांगितले होते. पुढचे त्यांनी सांगितले नाही, आणि कॉरीनने विचारले नाही. अर्ध्या शिक्षणानेही तिला ते कळत होते!

पण तिच्या काळजात खरी कळ उठायची ती निराळ्याच गोष्टीने. अर्जाचा विषय निघाला की बाप-लेक एकमेकांकडे क्षणभर पाहत, आणि दोघांचीही नजर खाली जाई. त्या नजरेत राग नव्हता. भय होते... कशाचे? तिला ते उमगत नव्हते, आणि न उमगणाऱ्या त्या भयाची सावली घरातल्या प्रत्येक घासावर पडली होती.

पुढच्याच गुरुवारी ती शाळेतून परस्पर कोर्टाच्या इमारतीत गेली. तिथल्या तळघरात दर गुरुवारी राज्याच्या माजी सैनिक खात्यातर्फे एक बाई बसत. ओलिंगरबाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या होत्या, आणि वीस वर्षे त्यांनी स्वतः सैन्यात ट्रक हाकले होते.

"बस. कॉफी भिकार आहे, पण फुकट आहे. इथं सगळंच फुकट आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे... तुमची फी?"

"मला राज्य पगार देतं ना! तुझ्याकडून एक छदाम घ्यायचा नाही. आणि बाहेर कुणी कोटवाला भेटला, म्हणाला की जे मिळेल त्यातला हिस्सा द्या, मी काम करून देतो, तर त्याला उभाही करू नकोस. बरं, नवऱ्याचा सैन्यातून सुटल्याचा कागद?"

"तो... शेगडीत पडला."

ओलिंगरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "कागदाला पाय फुटले होते का?"

कॉरीनच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "सासऱ्यांनी टाकला."

"हं. या डोंगरात असा एक तरी म्हातारा दर घरात आहे. रडू नकोस. कागद जळतो गं, नोंद जळत नाही. मी मागवते परत." मग त्या बोटांवर मोजत सांगू लागल्या: केंद्राने आजार सैन्यातला म्हणून मान्य केला, की उपचार आणि महिन्याचा भत्ता मिळेल. त्याच्या जोरावर राज्याच्या सवलतींसाठी अर्ज करता येतील, गाडीच्या नंबरपाटीपासून शिकारीच्या परवान्यापर्यंत. आणि वेळ आलीच, तर राज्याने सैनिकांसाठी चालवलेले शुश्रूषागृह आहे. "हे त्याचं आहे. ठेव म्हणून ठेवलंय सरकारनं. मागितल्याशिवाय देत नाहीत, एवढंच."

सही मात्र क्लेटनचीच हवी होती. शनिवारी हॉबर्ट न्हाव्याकडे गेले असताना तिने ओसरीत त्याच्यापुढे कागद ठेवला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात जुन्या नोकऱ्या विचारतात का गं?"

"सैन्याच्या आधीच्या? शोधतील म्हणाल्या बाई. का रे?"

"काही नाही." त्याने पेन उचलून पुन्हा खाली ठेवले. समोरच्या डोंगरावरून धुके खाली उतरत होते. "कॉरी, हे नको करूया. जाऊ दे ना..."

"टेसाकडे बघून तरी कर!"

त्याने सही केली. "डॅडींना सांगू नकोस," एवढेच म्हणाला, आणि खोकत आत गेला.

सहा महिन्यांनी, सप्टेंबरात उत्तर आले. अर्ज नामंजूर! कॉरीनने ते पत्र टपालपेटीपाशी रस्त्यातच उभे राहून वाचले. क्लेटन क्लाईन याने सैन्यात येण्यापूर्वी दोन वर्षे स्लेट फोर्कच्या छोट्या खाणीत जमिनीखाली काम केल्याची नोंद आहे, छातीचा विकार त्या धुळीने झाल्याचा संभव अधिक आहे... असे त्यात होते.

"तू खाणीत होतास?" तिने घरात येऊन विचारले. "दहा वर्षं संसार केला मी तुझ्याशी, आणि हे मला सरकारच्या पत्रातून कळावं?"

क्लेटनचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीत बसलेल्या हॉबर्टनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले होते. ते पत्र्यासारखे थरथरत होते.

"हो," क्लेटन हळूच म्हणाला. "होतो."

"आणि सांगितलं नाहीस?"

"विसरलो."

तो खोटे बोलत होता! दहा वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत न पाहता उत्तर दिले होते. आणि वर्तमानपत्राआडून सासऱ्यांचा आवाज आला, "मिळालं उत्तर? झालं समाधान? मुलाचं नाव चव्हाट्यावर आणलंस, बाई!" त्या दिवसापासून त्यांनी तिच्या हातचे वाढून घेणेही सोडले. बशी तिच्यासमोरून उचलायची आणि ओसरीत जाऊन एकट्याने खायचे. तिने कुणासाठी केले होते हे सारे? तिचाच पती तिला परका झाला होता, आणि ज्या घरासाठी तिने स्वतःला जाळून घेतले, त्या घरात ती अपराधी ठरली होती...

"वर्षाच्या आत नवा पुरावा आण," ओलिंगरबाई म्हणाल्या होत्या. पण पुरावा कशाचा?

ऑक्टोबरात एका सकाळी क्लेटन अंगणात सरपण उचलायला वाकला आणि उठलाच नाही. टेसाच्या किंकाळीने खोरे दुमदुमले.

जिल्ह्याच्या इस्पितळात त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला गेला. त्या खोलीत उशी सारखी करायला आलेली मोझेल नावाची वयस्कर नर्स अचानक थबकली.

"अगं बाई, हा व्हर्नाचा मुलगा ना? हॉबर्ट क्लाईनचा?" ती कॉरीनला म्हणाली. "मी तेव्हा घरोघर जायची गं शुश्रूषेला. व्हर्ना शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. काय सेवा केली या पोरानं आईची! तिला अंघोळ घालायचा, वेणीसुद्धा घालायचा. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, पण अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही. मी वहीत लिहायची रोज, 'मुलगा घरी, मुलगा घरी.' आई गेली आणि महिन्याभरात सैन्यात गेला बिचारा."

कॉरीनच्या कानांत जणू घंटा घणघणली. शेवटची दोन वर्षे... तीच दोन वर्षे!

ती बाहेर आली. लांब, पांढऱ्या वऱ्हांड्याच्या टोकाला खिडकीपाशी हॉबर्ट पाठमोरे उभे होते.

"डॅडी," ती त्यांच्यामागे जाऊन म्हणाली. तिचा स्वर तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "क्लेटन दोन वर्षं आईच्या उशाशी होता. मग खाणीत कोण होतं?"

ते वळले नाहीत. खाली गाड्यांच्या तळावर पानगळीची पाने वाऱ्याने गोल फिरत होती.

"मी."

"तुम्ही?"

"मोठ्या खाणीनं छातीचा फोटो काढला आणि मला घरी बसवलं. निवृत्तिवेतनाचा अर्ज केला, तर म्हणाले, थांबा, चौकशी चाललीय. कामावर दिसलो असतो तर अर्ज गेला असता. आणि घरात व्हर्ना कळवळत होती गं... औषधाला काही नव्हतं! स्लेट फोर्कचा मालक ओळखीचा. म्हणाला, 'तुझ्या नावावर नाही घेत, पोराच्या नावावर ये.' क्लेटनला विचारलं. त्यानं आपलं ओळखपत्र काढून दिलं. म्हणाला, 'घ्या डॅडी, मला काय करायचंय माझं नाव?'" त्यांचा आवाज चिरकला. "दोन वर्षं मी पोराचं नाव घालून खाली उतरलो. आणि इकडे शपथेवर लिहून दिलं की खाण सुटल्यापासून पुन्हा खाली गेलो नाही."

"म्हणून पाकीट जाळलंत..."

"म्हणून जाळलं! वाटलं, ते जुनं खणायला लागले की मी सापडेन. तुरुंगाची भीती नव्हती म्हणणार नाही, होती! निवृत्तिवेतन जाईल, घर जाईल, चर्चमध्ये लोक थुंकतील. आणि ते झाकायला रोज तुझ्यावर आग पाखडली... तुझा काय दोष होता? तू त्याला जगवायला बघत होतीस, आणि मी बाप असून..." पुढचे शब्द खोकल्यात बुडाले.

कॉरीनच्या मनात संतापाचा लोळ उठला. हा माणूस बोलला असता, सहा महिन्यांपूर्वी एक वाक्य बोलला असता तर! पण समोर खिडकीच्या चौकटीला धरून श्वासासाठी धडपडणारा तो सत्तरीचा जीव पाहिला, आणि तो लोळ तिच्या गळ्यातच विझला. आत मुखवट्याखाली क्लेटन पडला होता. बापाला वाचवण्यासाठी त्याने स्वतःचा श्वास गहाण टाकला होता! बाप तुरुंगात गेला, तर तो जगेल का?

ती आत गेली. क्लेटनने तिचा चेहरा पाहूनच ओळखले. त्याने मुखवटा बाजूला केला.

"कॉरी, शपथ आहे तुला. डॅडींचं नाव नाही घ्यायचं. त्यांनी आईसाठी केलं..."

"आणि तू मरायचं?"

"मी तसाही..." त्याने वाक्य पुरे केले नाही.

दारात हॉबर्ट येऊन उभे राहिले होते. त्यांच्यादेखत कॉरीन डोळे पुसत म्हणाली, "बरं. नाही घेणार. मी कुणाला काही सांगणार नाही. वृद्धाश्रमात संध्याकाळची पाळी मिळतेय, ती धरते. आपण निभावून नेऊ."

आणि तिने तसे केले. पहाटे शाळेत, संध्याकाळी वृद्धाश्रमात. क्लेटन घरी आला, पण त्याच्या पलंगाशेजारी आता प्राणवायूचे यंत्र घुरघुरत असे, आणि वीज गेली तर काय, या विचाराने वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर कॉरीनची नजर दिव्याकडे जाई. ती वाळली, तिच्या हातांना भेगा पडल्या. ओलिंगरबाईंनी फोन केला, "पुरावा सापडला का गं? दिवस जाताहेत." ती म्हणाली, "नाही, बाई." हॉबर्ट ओसरीत बसून ते ऐकत होते. तीन आठवडे ते कुणाशीच काही बोलले नाहीत, आणि त्या अबोल्याची तिला त्यांच्या टोमण्यांहून जास्त धास्ती वाटू लागली. भिंतीवरची बंदूक तिने गुपचूप शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ती शाळेतून परतली तर खुर्ची रिकामी होती! खुंटीवर त्यांचा काळा कोट नव्हता. मयतीलाच घालायचे तो.

"आजोबा कुठं गेले?"

"माहीत नाही," टेसा म्हणाली. "माझा पापा घेतला आणि गेले."

कॉरीन तशीच गाडीत बसली आणि खोऱ्याचा रस्ता वळणावळणाने पालथा घालत सुटली. प्रत्येक पुलावर थांबून ती खाली पाण्यात पाहत होती! देवा, मी रागाने काही बोलले असेन तर मला क्षमा कर, पण त्यांना सांभाळ... आणि मग कोर्टाच्या चौकात तिला त्यांचा जुना हिरवा ट्रक दिसला.

तळघराला एकोणीस पायऱ्या होत्या. त्या उतरून हॉबर्ट ओलिंगरबाईंसमोर बसले होते, टोपी गुडघ्यावर.

"हॉबर्ट, पुन्हा सांगते," बाई म्हणत होत्या, "हे तुमच्यावर उलटेल. कायद्याच्या मदतीचं फुकट कार्यालय आहे वर. आधी वकिलाशी बोला, मग लिहा."

"बोललो सकाळी. तोही हेच म्हणाला. आता लिहू दे." त्यांनी कॉरीनकडे पाहिले आणि नजर वळवली नाही. "ही पोरगी दोन-दोन पाळ्या करतेय माझं पाप झाकायला. मला घास गिळेना. मोझेलच्या वह्या इस्पितळात आहेत, त्या मागवा. दोन वर्षं खाणीत मी होतो. माझा मुलगा कधीच खाली उतरला नाही."

"डॅडी, क्लेटननं शपथ घातलीय..." कॉरीन रडत म्हणाली.

"तुला घातली असेल. मला नाही घातली!"

त्यांनी सही केली. नाव स्पष्ट होते. त्या दोन वर्षांवर पहिल्यांदाच त्यांचे स्वतःचे.

बातमी ऐकून क्लेटन दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी हॉबर्ट त्याच्या पलंगावर बसले आणि त्यांनी चमच्याने त्याला सूप भरवले. दोघेही ढसाढसा रडले. कॉरीनने दार लोटून घेतले.

मार्चमध्ये क्लेटनचा अर्ज मंजूर झाला. मोठ्या शहरातले डॉक्टर मिळाले, नवे यंत्र आले, कॉरीनची संध्याकाळची पाळी सुटली. पण बुजलेल्या नळ्या काही उघडत नाहीत. मिळाली ती सवड, आयुष्य नव्हे. किती सवड, ते कुणी सांगितले नाही. आणि त्याच महिन्यात हॉबर्टचे निवृत्तिवेतन थांबल्याचे, चौकशी सुरू झाल्याचे पत्र आले. त्यांनी ते कॉरीनकडून मोठ्याने वाचून घेतले, घडी घातली आणि म्हणाले, "बरोबर आहे. यायलाच हवं होतं." त्यांची स्वतःची छाती आता इतकी पोकळ झाली होती, की बोलताना मध्येच थांबून हवा शोधावी लागे. डॉक्टर म्हणाले होते, पुढचा हिवाळा कठीण आहे.

एप्रिलात कॉरीन हटूनच बसली आणि त्यांना गाडीत घालून तळघरात घेऊन गेली. एकोणीस पायऱ्या उतरताना त्यांनी तिच्या दंडाचा आधार घेतला, तोही न मागता.

"अख्खं वर्ष मी वाट बघतेय, हॉबर्ट," ओलिंगरबाईंनी कोरा अर्ज पुढे ओढला. "तुम्ही स्वतः व्हिएतनामला होता. तिथल्या जंगलांवरची ती झाडं मारायची विषारी फवारणी तुमच्यावर झालीच असेल. पन्नास वर्षांत इथं आला का नाहीत?"

"परत आलो तेव्हा एका टेबलावरच्या माणसानं सांगितलं, 'धडधाकट दिसतोस की!' मग नाही गेलो."

"आता मी सांगते, दिसत नाही. चला. पूर्ण नाव?"

त्यांनी नाव सांगितले. पलटण सांगितली, गावांची नावे सांगितली. ती कॉरीनने कधीच ऐकली नव्हती. ती सांगताना ते दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुढे रकाना आला: काही बरेवाईट झाल्यास कुणाला कळवायचे?

"कॉरीन क्लाईन," ते म्हणाले.

तिने चमकून वर पाहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तिचे नाव पहिल्यांदाच आले होते!

"नातं?" बाईंनी विचारले.

"मुलगी."

ओलिंगरबाईंचे पेन थांबले. "सून ना, हॉबर्ट? इथं खरं तेच लिहावं लागतं हो."

"हे बघ बाई," हॉबर्ट म्हणाले, आणि उरलेला श्वास गोळा करायला त्यांना कितीतरी वेळ लागला, "आयुष्यात एकदा कागदावर खोटं लिहिलं. त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. आता पुन्हा खोटं लिहीन का मी? मुलगी लिही."

कॉरीनने ओठ दाताखाली दाबले, तरी हुंदका फुटलाच.

ओलिंगरबाईंनी तसेच लिहिले.